स्टेशन चौकातलं स्टेशन कुठे गेलं? आयुक्तांना आणि रेल्वेला एका सांगलीकराचे खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, सांगली-मिरज-कुपवाड शहर महानगरपालिका
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, पुणे विभाग

विषय : सांगलीचे जुने रेल्वे स्टेशन, त्याचा मार्ग आणि त्याची कागदपत्रे

महोदय,

सांगलीत नवा आलेला माणूस ‘स्टेशन चौक’ ऐकून तिथे उतरतो आणि बॅग हातात धरून रूळ शोधायला लागतो. मग कुणीतरी त्याला दुसऱ्या रिक्षात बसवून खऱ्या स्टेशनाकडे रवाना करतं. वसंतदादांचं स्मारक, मोर्चे, उपोषणं, निवडणुकीच्या शेवटच्या सभा, सगळं स्टेशन चौकात होतं. स्टेशन तेवढं नाही. आपल्या मिळकत कराच्या बिलांवर ‘स्टेशन रोड’ असं छापून येतं आणि आम्ही ते भरतो.

आधीच सांगतो, गाडी परत आणा म्हणून हे पत्र नाही. गावाच्या मधोमध आज रूळ घालता येणार नाहीत हे मलाही दिसतं. माझी मागणी लहान आहे. या शहराची स्वतःच्या मालकीची एक रेल्वे होती. ती कशी आली, काय करत होती आणि कशी गेली, याचा हिशेब आपण दोघांनी मिळून लोकांपुढे ठेवावा. आपण दोघांनी म्हणतो, कारण जमीन, रस्ते आणि नकाशे एकाकडे आहेत, फायली दुसऱ्याकडे, आणि एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की विषय संपतो.

‘स्वतःच्या मालकीची’ हे शब्द मी जपून वापरले आहेत. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1801 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन काकांशी बिनसल्यावर मिरज सोडून सांगलीला आले आणि त्यांनी इथे नवी राजधानी वसवली. गणेशदुर्ग, गणपतीचं देऊळ, पेठा, सगळं त्यानंतरचं. भाऊबंदकीतून शहर उभं राहिल्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नसेल. पण याच भाऊबंदकीचा हिशेब पुढे रेल्वेने चुकता केला. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर या कोरड्या मुलखात धान्य पोचवायला लोहमार्ग हवा असं इंग्रज सरकारला पटलं, 1882 साली सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि पुण्याहून निघालेली तिची मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली, लाइन सातारा, कराड अंगाने खाली उतरून बेळगाव, लोंड्याकडे गेली. वाटेत तिने मिरज गाठली. सांगली पाच मैलांवर राहिली. 1891 साली कोल्हापूर दरबारने स्वतःची मिरज-कोल्हापूर लाइन सुरू केली तेव्हा मिरज जंक्शन झाली. सांगलीची पोती मात्र अजून बैलगाडीतून मिरजेला जात होती, काकांच्या दारात.

हे सोळा वर्षं चाललं. 1907 साली सांगली संस्थानची मिरज-सांगली लाइन सुरू झाली. लांबी जेमतेम पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. गेज मुख्य मार्गाचंच, मीटरचं. मालकी संस्थानची आणि चालवायचं काम सदर्न मराठा कंपनीचं, जी पुढच्याच वर्षी मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. दत्तक आलेले दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब तेव्हा अल्पवयीन होते आणि त्यांना राज्याचे अधिकार 1910 साली मिळाले. म्हणजे राजाच्या हाती कारभार येण्याच्या तीन वर्षं आधी गाडी गावात येऊन पोचली होती. संस्थानची मालकी याचा साधा अर्थ असा की सारा भरणाऱ्या रयतेच्या पैशावर ही लाइन उभी होती. लंडनच्या कंपनीने नफ्यासाठी घातलेली किंवा सरकारने सैन्यासाठी घातलेली ती नव्हती. त्या रयतेचे नातू-पणतू आज आपल्या महापालिकेचे करदाते आहेत. हिशेब मागायचा आमचा हक्क इथून येतो.

आता ही लाइन काय करत होती ते बघा, कारण ‘जुनी छोटी गाडी होती, लोक हौसेने बसायचे’ एवढ्यावर तिची बोळवण करणं अन्याय आहे. सांगली हे हळदीचं गाव. इथून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूरला जमिनीखालची पेवं होती. पेवात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची आणि भाव आला की बाहेर निघायची. हळद, गूळ, शेंगा यांचे सौदे गणपती पेठेत आणि वखारभागात व्हायचे. पण सौदा झाला म्हणजे व्यापार पुरा होत नाही, माल हलावा लागतो. स्टेशन पेठेच्या शेजारी आलं आणि अडत्याच्या वखारीपासून मालधक्का हाकेच्या अंतरावर आला. त्यातही मोठी गोष्ट म्हणजे शाखा आणि मुख्य मार्ग यांचं गेज एकच होतं. सांगलीत भरलेली वाघीण, म्हणजे मालाचा डबा, मिरजेत न उघडता मुख्य मार्गावर जाऊ शकत होती, आणि तिथून हुबळी, बंगळूर, नाहीतर लोंड्यावरून घाट उतरून थेट मुरगाव बंदर, सगळीकडे तेच मीटरगेज. नकाशावर बोट ठेवून बघा : वखारभागातून समुद्रापर्यंत एकाच रुंदीचे रूळ.

अडचण उलट्या दिशेला होती. पुण्यात मीटरगेज संपायचं आणि मुंबईकडे ब्रॉडगेज, म्हणजे जास्त रुंद मार्ग, सुरू व्हायचं. त्यामुळे मुंबईला जाणारं प्रत्येक पोतं पुण्यात एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावं लागे. हमाली, वेळ, सांडलवंड, चोरी, सगळं आलं. माणसांनाही तिथे गाडी बदलणं भाग होतं. आणि सांगलीच्या माणसाला तर दोनदा. पुण्याला, म्हणजे उत्तरेला जायचं, तर आधी उलटं मिरजेला जायचं, तिथे मोठी गाडी धरायची, आणि ती गाडी त्याला पुन्हा सांगलीच्या बाजूने वर घेऊन जायची. आमच्या गल्लीतले एक आजोबा याच प्रवासाबद्दल म्हणायचे, ‘पुण्याला जायचं तर पहिला नमस्कार मिरजेला.’ शेवटच्या स्थानकाचा आणखी एक गुण असा की गाडी आली की इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडावं लागतं. तेवढा वेळ गाडी स्टेशनात उभी, फलाट जागा, चहावाले, हमाल, टांगेवाले जागे. मुख्य मार्गावरच्या स्टेशनात गाडी दोन मिनिटं थांबते. शेवटच्या स्थानकात ती मुक्कामाला असते, आणि भोवतालचा बाजार त्यावर जगतो. स्टेशन रोडवर आजही इतकी दुकानं दाटून का आहेत, याचं निदान एक कारण इथे सापडेल.

1927 साली मिरजेला आणखी एक लाइन येऊन मिळाली, बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, म्हणजे मीटरगेजहून अरुंद, पंढरपूर, कुर्डूवाडीकडची. म्हणजे सांगलीचा वारकरी मीटरगेजने मिरजेला आणि तिथून नॅरोगेजने विठोबाला. बार्शी लाइटचं कौतुक पुष्कळ होतं, आणि व्हायलाच हवं. तिचे इंजिनिअर कॅल्थ्रॉप यांचं नाव जगभरचे रेल्वेवेडे घेतात. सांगली संस्थानच्या पाच मैलांचं नाव मात्र सांगलीतच कुणी घेत नाही. लांबी कमी म्हणून इतिहास कमी, असं काही असतं का?

आपल्याच भागात स्टेशनांनी काय घडवलं ते पाहिलं की सांगलीच्या स्टेशनाचं वजन कळतं. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाशेजारचा निवडुंगाचा माळ पसंत केला, आणि कारखान्याबरोबर स्टेशनाचंही नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं. कराडच्या स्टेशनाजवळ ओगल्यांचा काच कारखाना आला आणि ओगलेवाडी झाली. सातारा रोडला कूपरांचे नांगर ओतले जाऊ लागले, कारण त्या काळी साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नव्हतंच, ते कोसभर नव्हे, चांगलं लांब होतं. शाहू महाराजांनी मिरज-कोल्हापूर लाइनवर जयसिंगपूरची पेठ आखून वसवली. ही सगळी आधी स्टेशन आणि मग गाव अशी उदाहरणं. सांगलीचं उलटं होतं. इथे गाव आधीच भरलेलं होतं, बाजार आधीच होता, आणि स्टेशनाला त्याच्या पोटात शिरावं लागलं. तालेवार व्यापारी पेठेच्या काठावर आगगाडीचं शेवटचं स्थानक, अशी रचना या सगळ्या मार्गावर फार थोड्या ठिकाणी होती.

मग ते गेलं. संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन झालं. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे 1951 साली दक्षिण रेल्वेत गेली. 1966 साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि हा भाग तिच्याकडे गेला. याच काळात पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाच्या रुंदीकरणाचं काम चाललं होतं, आणि 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या. मुख्य मार्गावरच सांगली नावाचं स्टेशन झालं. गावातली शाखा आणि तिचं शेवटचं स्थानक यांचं काम संपलं.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडली पाहिजे, नाहीतर हे पत्र नुसतं गळा काढणं होईल. रुंदीकरणाने सांगलीला दिलं ते थोडं नव्हतं. मुंबईची गाडी थेट झाली, पुण्यातली ती पोत्यांची उलथापालथ संपली, आणि पुण्याला जायला मिरजेला नमस्कार करण्याची गरज उरली नाही. मुख्य मार्गावर स्टेशन असताना आठ किलोमीटरची वेगळी शाखा ब्रॉडगेज करा, तिच्यासाठी भर वस्तीत फलाट वाढवा, वळणं मोठी करा, फाटकं सांभाळा, हे त्या वेळच्या कुठल्याही इंजिनिअरने नाकारलंच असतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही नाकारलं असतं. गंमत अशी की गेजची अडचण त्यामुळे मिटली नाही. ती पुण्याहून उचलून मिरजेला आणून ठेवली गेली, कारण मिरजेच्या दक्षिणेला पुढे कित्येक वर्षं मीटरगेजच होतं. मिरज जंक्शनात तेव्हा तिन्ही गेज एकत्र नांदत होती, आणि जे लोक ते पाहायला मुद्दाम जात त्यांना आम्ही वेडे समजत होतो.

तर निर्णय चुकला असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे की ज्या शहराने लाइन बांधली त्या शहरापुढे तो निर्णय कधी मांडलाच गेला नाही, ना तेव्हा, ना नंतर. घर विकलं तरी माणूस खरेदीखताची नक्कल जपून ठेवतो. सांगलीकडे तीही नाही.

का नाही, याचं कारण वर आलंच आहे. मालक बदलत गेले तसे कागद त्यांच्यामागे गेले. दक्षिण रेल्वेचं मुख्यालय चेन्नईला, दक्षिण मध्य रेल्वेचं सिकंदराबादला, विभागाचं काम हुबळीत, आता मध्य रेल्वे मुंबईला आणि तिचा विभाग पुण्याला. संस्थानी दप्तरांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयाकडे बघावं लागतं, आणि इंग्रज सरकारचा संस्थानांशी झालेला पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जातो. सामान्य नागरिक सहा-सात शहरांत अर्ज करत फिरू शकत नाही. विभागीय व्यवस्थापक साहेब, आपलं एक पत्र गेलं तर हे दरवाजे उघडतात. सांगलीच्या स्टेशनाचा आराखडा, मार्गाचा नकाशा, जमीन संपादनाचे कागद आणि शाखा बंद करण्याच्या निर्णयाची टिपणं, एवढ्यांच्या नकला मागवा. मूळ कागद आम्हाला नकोत, जिथे आहेत तिथे राहू देत. स्कॅन केलेली प्रत सांगलीच्या नगर वाचनालयात आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर आली की पुरे.

आयुक्त साहेब, आपल्याकडचं काम नकाशाचं आहे. मिरजेपासून स्टेशन चौकापर्यंत जुने रूळ कुठून जात होते, ते आजच्या नकाशावर एका रेषेत काढा. सिटी सर्व्हेच्या जुन्या पत्रकांत ती पट्टी दिसलीच पाहिजे, कारण रेल्वेची जमीन कधीही शेजारच्या शेतासारखी वाकडीतिकडी नसते. लांब, अरुंद आणि हळू वळणारी अशी ती लगेच ओळखू येते. मग त्या पट्टीवर आज काय आहे ते नोंदवा : रस्ता, इमारत, नाला, मोकळी जागा, जे असेल ते. मला कुणावर अतिक्रमणाचा आरोप करायचा नाही, आणि कुणाची झोप उडवायचीही नाही. पण पन्नासेक वर्षांपूर्वी सार्वजनिक असलेल्या जमिनीचं पुढे टप्प्याटप्प्याने काय झालं, हे कळणं ही नागरिकाची चौकशी आहे, चहाडी नव्हे. शिवाय याचा उपयोग रोजच्या कामाला आहे. जुन्या रेल्वेच्या भरावांनी आणि मोऱ्यांनी पाणी कुठे अडवलं, कुठे वळवलं, हे पूर येणाऱ्या शहराच्या अभियंत्याला ठाऊक असायला हवं.

पुराचा विषय निघाला म्हणून घाईचं कारणही सांगतो. 2005, 2019 आणि 2021, तीन मोठे पूर या शहराने सोसले. 2005 साली हरिपूरच्या पेवांत पाणी शिरून हळद गेली, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच पुरांत वखारभागातल्या, गावभागातल्या घरांच्या माळ्यांवरून आणि तळमजल्यांतून जुन्या वह्या, रेल्वेच्या पावत्या, लग्नाचे फोटो भिजून चिखलात गेले, त्याची कुणी मोजदाद केली नाही. व्यापाऱ्यांच्या जुन्या कीर्द-खतावण्यांत रेल्वेभाड्याच्या नोंदी असतात. स्टेशनाचा खरा इतिहास तिथे आहे, आणि तो दर पुरागणिक कमी होत चालला आहे. माणसांचंही तेच. 1970 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज साठीच्या पलीकडे आहे. जे त्या काळी तिथे हमाल, पॉइंट्समन किंवा दुकानदार होते ते नव्वदीला टेकले असतील. त्यांच्याशी बोलायला समिती नेमू नका. समितीची पहिली बैठक होईपर्यंत निम्मी माणसं जातील. विलिंग्डन महाविद्यालयाच्या किंवा शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत हे काम द्या, मोबाइलवर आवाज मुद्रित करा, नाव-वय-काम लिहा. खर्च येईल तो चहापाण्याचा.

आणखी एक गोष्ट रेल्वेसाठी. पुणे-मिरज दुहेरीकरणाच्या निमित्ताने या मार्गावर जुनं बरंच काही पाडलं गेलं आणि पाडलं जाईल. दगडी मोऱ्या, जुन्या स्टेशनच्या खोल्या, कर्मचाऱ्यांची घरं. विकासाला माझा विरोध नाही, दुहेरी मार्ग हवाच. पण पाडायच्या आधी फोटो काढा, मोजमाप घ्या. रुंदीकरणाच्या वेळी एवढं झालं असतं तर आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

कुणी म्हणेल, स्टेशनं सगळीकडे जातात. खरं आहे. मुंबईत कुलाब्याचं स्टेशन 1930 च्या अखेरीस बंद झालं, कारण मुंबई सेंट्रल सुरू झालं होतं, आणि त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत उभी आहे. पण मुंबईत त्या स्टेशनाची छायाचित्रं आहेत, नकाशे आहेत, त्यावर लिहिणारी माणसं आहेत. जिल्ह्याच्या गावांचं स्टेशन गेलं की ते दोनदा जातं, एकदा जमिनीवरून आणि मग कागदावरून.

शेवटी स्मारकाबद्दल. या पत्राचा काही परिणाम झालाच, तर तो चुकीचा होऊ नये म्हणून आधीच लिहून ठेवतो. चौकात चौथरा बांधून त्यावर कुठलं तरी इंजिन रंगवून ठेवू नका. ते इंजिन बहुतेक दुसऱ्याच गेजचं आणि दुसऱ्याच मुलखातलं निघेल, दोन पावसाळ्यांत त्याचा रंग उडेल आणि तिसऱ्यात त्याच्यावर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतील. कारंजंही नको. स्टेशन जिथे होतं तिथे, पादचाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर, एक दगडी फलक पुरेल. त्यावर मार्गाचा नकाशा कोरलेला असावा, सांगली संस्थानची मालकी लिहिलेली असावी, सुरू झाल्याचं साल आणि बंद झाल्याचं साल असावं, आणि ही दोन्ही सालं आपण मागवलेल्या कागदांवरून ताडून घेतलेली असावीत. फलकावर कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या प्रयत्नांतून, कुणाच्या निधीतून, यांपैकी काहीही नसावं. नसेल राहवत तर फलकाच्या मागच्या बाजूला लिहा.

मजकूर कोरण्याआधी महिनाभर महापालिकेच्या दारात आणि वर्तमानपत्रांत लावून ठेवा. चूक दाखवायला या शहरात माणसांची कमतरता नाही, आणि दगडावरचा ऱ्हस्व-दीर्घ नंतर दुरुस्त करता येत नाही.

उत्तर जाहीरपणे मिळावं, ही विनंती.

आपला,
एक सांगलीकर करदाता

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सांगली